दुसरी किल्ली मंडळीकडे असू द्या

महाराष्ट्रातल्या अँग्लिकन परंपरेच्या मंडळ्यांचे पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिट्यांचे सन्माननीय सभासद यांस,



आपल्या बहुतेक जुन्या चर्चमध्ये व्हेस्ट्रीत एक कपाट असतं. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं त्यात असतात. कमिटीची इतिवृत्तं, महिला मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या, संडे स्कूलच्या हजेऱ्या, हंगामाच्या सणाला कोणी किती धान्य अर्पण केलं आणि लिलावात त्याचे किती आले याचे कागदही तिथंच सापडतात. हे पत्र त्या कपाटाविषयी आहे. मंडळी म्हणून आपण शंभर-दीडशे वर्षं कसे जगलो, याचा सलग पुरावा त्या कपाटाबाहेर जवळजवळ कुठेच नाही. तो आज वाळवी, कसर आणि पावसाळी ओल यांच्या तोंडी आहे, आणि त्याची किल्ली एकदोन पदाधिकाऱ्यांच्या खिशात आहे. माझी तक्रार या दोन्ही गोष्टींबद्दल आहे, पण दुसरीबद्दल अधिक. कागद एकाच हाती राहतो तेव्हा तो कुजत असल्याचंही कोणाला कळत नाही.

रजिस्टर म्हणजे दाखला फाडायची वही, अशी आपली समजूत झाली आहे. म्हणून आधी त्या पानावर काय असतं ते पाहू. बाप्तिस्म्याच्या रजिस्टराचा नमुना इंग्लंडमध्ये १८१२ च्या कायद्यानं ठरला आणि तिथल्या चर्चबरोबर तो इकडे आला. बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा हुद्दा किंवा धंदा, आणि विधी कोणी केला, एवढे रकाने. राहण्याच्या ठिकाणाचा रकाना वीस वर्षांच्या पानांवर सलग वाचत गेलं, तर कुठल्या गावातून किती घरं कधी आली आणि वस्ती कशी वाढली हे कळू लागतं. धंद्याच्या रकान्यात बाप मजूर, मुलगा शिक्षक, नातू रेल्वेत, असा तीन पिढ्यांचा प्रवास दोन-तीन शब्दांत सापडू शकतो. दफनाच्या रजिस्टरात वयाचा रकाना असतो. १८७६-७८ चा आणि १८९९-१९०० चा दुष्काळ, १८९६ पासूनचा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा या सालांची पानं उघडावीत आणि फक्त वयं वाचावीत. आपल्या मंडळीनं काय सोसलं, हे सांगायला तिथं दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही.

मराठी समाजाला कागदाची किंमत नव्यानं शिकवायला नको. राजवाड्यांनी गावोगावच्या वाड्यांतली दफ्तरं धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ सिद्ध केली, हा आपल्या सर्वांचा वारसा आहे. घराण्यांचे कुलवृत्तांत छापले जातात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यानुपिढ्या नोंदलेल्या असतात. ज्या घरांनी बाप्तिस्मा घेतला त्यांची नावं अशा वह्यांत पुढे चढली नाहीत, आणि ज्यांना त्या वह्यांत कधी जागाच नव्हती अशीही पुष्कळ घरं आपल्यात आहेत. या दोघांच्याही घराण्याचा कागद चर्चच्या रजिस्टरात सुरू होतो. गावकुसाबाहेरच्या ज्या बाईचं नाव कुठल्याही कागदावर आलं नसतं, तिचं नाव मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आई म्हणून पहिल्यांदा शाईनं लिहिलं गेलं. ते पान गेलं की ती बाई इतिहासातून दुसऱ्यांदा बाहेर पडते.

हे कागद दुसरीकडे कुठेतरी असतीलच, असं कोणी म्हणेल. कोणाचे कागद कुठं आहेत ते बघा. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमधून दरसाल लंडनला पाठवलेल्या नोंदींच्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १७०९ पासून १९४८ पर्यंतची ही मालिका आहे आणि ती मुख्यतः युरोपीय व युरेशियन माणसांची आहे. पुण्याच्या छावणीत जन्मलेल्या गोऱ्या शिपायाच्या पोराचा बाप्तिस्मा आज त्याचा पणतू इंग्लंडमध्ये बसून शोधू शकतो. चर्च मिशनरी सोसायटीचा पत्रव्यवहार बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात आणि एस.पी.जी. मिशनचा ऑक्सफर्डमध्ये जपून ठेवला आहे, पण ती पत्रं मिशनऱ्यांनी वरिष्ठांना लिहिलेली. मराठी माणसाचा संसार त्यात दुरून दिसतो. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही हा भेद आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकांनी भारतीय ख्रिस्ती नसलेल्यांच्या लग्नांच्या प्रती दर तिमाहीला वर पाठवायच्या. भारतीय ख्रिस्ती लोकांच्या लग्नांसाठी मात्र ३७ व्या कलमानं वेगळं रजिस्टर सांगितलं, ते भरेपर्यंत पाळकानं सांभाळायचं, बदली झाली तर पुढच्या माणसाच्या हवाली करायचं, आणि भरल्यावर महानिबंधकांकडे पाठवायचं. म्हणजे भरेपर्यंतची सगळी वर्षं आपल्या आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद एकाच वहीच्या भरवशावर होती. बाप्तिस्मा आणि दफनाच्या मराठी नोंदींची दुसरी प्रत कुठं असण्याची शक्यता तर फारच थोडी. गोऱ्यांची नोंद दोन ठिकाणी आणि आपली एका कपाटात, ही विषमता इंग्रजांनी केली. ती पुढेही चालू राहिली, तर त्याची जबाबदारी आता सर्वस्वी आपली आहे.

कागद बंद राहिले की काय होतं, याचं पुण्यातलं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पंचहौद मिशन म्हटलं की मराठी वाचकाला १८९० चं चहाचं प्रकरण आठवतं. टिळक आणि रानडे मिशनमध्ये व्याख्यानाला गेले, पुढे चहाचे पेले आले, गोपाळराव जोशांनी नावं फोडली, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं झाली. यावर आजवर पानंच्या पानं लिहिली गेली. पण ज्या मिशनमध्ये तो चहा दिला गेला तिथं रोज कोण राहत होतं, कोणाच्या पोरांना तिथल्या शाळेत अक्षरओळख झाली, वाँटेजच्या सिस्टरांबरोबर कोणत्या मराठी बाया घरोघर फिरल्या, हे त्या कथेत कुठेही येत नाही. पाहुणे घटकाभर आले आणि इतिहासात राहिले. घरची माणसं जन्मभर तिथं राहिली आणि इतिहासाबाहेर गेली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली वाँटेजला झाला, हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच दशकात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या बायांपैकी किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? नाशिकजवळच्या शरणपूरला गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं मिशनच्या शाळेत शिकली. लिव्हिंगस्टनचा देह किनाऱ्यावर आणणाऱ्यांतला जेकब वेनराइट त्यांच्यातलाच, आणि मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउनच्या वस्तीत यांतली बरीच माणसं पुढे गेली. आफ्रिकेच्या इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणून मान आहे. त्यांचा माग काढत उद्या केनियातून कोणी आलं, तर त्याला काय दाखवायचं याचं उत्तर आपल्यापाशी असायला हवं.

आता किल्लीविषयी. १५३८ साली टॉमस क्रॉमवेलनं इंग्लंडमधल्या प्रत्येक पॅरिशला रजिस्टर ठेवण्याचा हुकूम दिला. त्यात वहीबरोबर पेटीचाही हुकूम होता. पॅरिशनं सर्वांच्या खर्चानं एक मजबूत पेटी करून घ्यावी, तिला दोन कुलपं असावीत, एक किल्ली पाळकाकडे आणि दुसरी चर्चवॉर्डनांकडे. नोंद दर रविवारी वॉर्डनांच्या समक्ष करायची. जो पाळक चुकेल त्याला ३ शिलिंग ४ पेन्स दंड, आणि तो दंड त्याच चर्चच्या डागडुजीला लावायचा. १५९८ पासून दरसाल एक प्रत बिशपकडे जाऊ लागली. १६०३ च्या नियमांनी कुलपं तीन केली. या साऱ्या तपशिलामागे एकच विचार आहे: नोंद पाळकाची नाही आणि वॉर्डनांचीही नाही, ती पॅरिशची आहे, म्हणून कोणा एकाला ती एकट्यानं उघडता येऊ नये आणि एकट्यानं दडवताही येऊ नये. आपण स्वतःला अँग्लिकन परंपरेचे म्हणवतो. प्रार्थनापुस्तक जपलं, झगे जपले, लेंट आणि ॲडव्हेंटचे रंग जपले. पेटीची दुसरी किल्ली मात्र आपण हरवली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि सहा चर्चं एक झाली. ती एकी मला मोलाची वाटते. पण तिच्यात निरनिराळ्या परंपरांच्या वह्या एकत्र आल्या, आणि त्या एकत्र कशा ठेवायच्या याचा मंडळी-पातळीवर फारसा विचार झाला नाही. त्याआधीही १९२९ मध्ये नाशिकचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला होता. प्रांत बदलले, पाळकांच्या बदल्या होत राहिल्या, आणि प्रत्येक बदलीत कपाटातलं काही ना काही इकडचं तिकडे झालं. आज पास्टरेट कमिटीची निवडणूक झाली की चार्ज देताघेताना बँकेचं पासबुक, चेकबुक आणि शिक्का यांची नीट सही होते. रजिस्टरं किती, कोणत्या सालापासून, कुठलं पान फाटलं आहे, याची यादी किती मंडळ्यांत दिली-घेतली जाते? दोन गटांत बेबनाव असेल तर रजिस्टर हेच हत्यार होतं. मतदारयादीत कोण बसतो आणि कोण नाही, हे ज्या वहीवर ठरतं ती वही एका गटाच्या घरी जाते, आणि वाद कोर्टात गेला की कधीकधी परतच येत नाही. सामान्य कुटुंब यात भरडलं जातं. ज्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा जात पडताळणीसाठी हवा, ज्याला आजोबांच्या बाप्तिस्म्याचा उतारा वारसाच्या कामासाठी हवा, तो चार रविवार खेपा घालतो, “किल्ली सेक्रेटरींकडे आहे” एवढंच ऐकतो, आणि शेवटी हवालदिल होऊन नाद सोडतो. कागद देण्याच्या बदल्यात वर्षानुवर्षांची थकलेली वर्गणी वसूल करणं हाही प्रकार चालतो. वर्गणी जरूर मागावी, पण मेलेल्या आजोबांची नोंद ओलीस ठेवून मागू नये.

शताब्दीच्या स्मरणिका पाहिल्या की हीच उणीव दुसऱ्या बाजूनं दिसते. पहिली वीस पानं बिशप, आमदार आणि नगरसेवक यांच्या शुभसंदेशांची, मग पाळकांची सनावळी, मग जाहिराती. चाळीस वर्षं घंटा वाजवणारा, खेड्यांतून पायी फिरणारी बायबलबाई, उपदेशक, पेटीमास्तर, कबरी खणणारा, हंगामाच्या सणाला मंडप घालणारे हात, यांचा पत्ता नसतो. ही माणसं इतिवृत्तांत आणि जमाखर्चाच्या वह्यांत आहेत. उपदेशकाचा पगार किती होता, तो दुष्काळात कापला गेला का, महिला मंडळानं शिवणकाम विकून कोणत्या खिडकीची काच बसवली, हे सारं तिथं लिहिलेलं असतं. स्मरणिकेच्या समितीला ते कपाट उघडावंसं वाटलं नाही, म्हणून मंडळीचा इतिहास पाळकांच्या बदल्यांची यादी होऊन बसला.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे, आणि त्याला मी हलक्यात घेत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलतींतून वगळलं. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांसाठी तो आदेश सुधारला गेला, आपल्यासाठी नाही. त्यामुळे कित्येक घरांत सरकारी कागद एक सांगतो आणि चर्चचं रजिस्टर दुसरं. रजिस्टर चव्हाट्यावर आलं तर एखाद्याची नोकरी किंवा मुलीचा प्रवेश धोक्यात येईल. त्यात भर म्हणजे धर्मांतराच्या नावानं गावोगाव वातावरण तापवलं जातं, अशा वेळी नावांच्या याद्या कोणाच्याही हाती पडतील, ही भीती खरी आहे. म्हणूनच मी सगळी रजिस्टरं इंटरनेटवर टाका असं म्हणत नाही. शंभर वर्षांच्या आतल्या नोंदी फक्त त्या व्यक्तीला, तिच्या जवळच्या वारसाला, किंवा कायद्यानं मागितल्या तर द्याव्यात. त्याआधीच्या नोंदी संशोधकाला आणि कुटुंबाला चर्चमध्ये बसून पाहू द्याव्यात. इंग्लंडमध्ये १९७८ च्या नियमांनी शंभर वर्षांमागची, वापरातून गेलेली रजिस्टरं प्रांताच्या अभिलेखागारात जमा होतात आणि मालकी मंडळीचीच राहते. वेळेची अशी मर्यादा घालणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. आणि एक गोष्ट लक्षात घ्यावी: आजच्या अवस्थेत गुप्तता मुळीच नाही. ज्याची कपाटापर्यंत ओळख पोहोचते त्याला मोबाइलवर पानाचा फोटो सहज मिळतो; नियम नसल्यामुळे मिळत नाही तो फक्त सरळ माणसाला. कोणी, कधी, कोणतं पान पाहिलं याची वही ठेवली, तर दुबळ्या घराचं रक्षण आजच्यापेक्षा अधिक होईल.

दुसरा आक्षेप पैशांचा. छत गळतं आहे, पाळकांचा पगार थकला आहे, त्यात जुन्या वह्यांवर खर्च कुठून करायचा? पहिल्या पायरीला पैसा जवळजवळ लागतच नाही. चार जणांनी बसून यादी करायची. कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर हलवायचं आणि जमिनीपासून वीतभर उचलायचं. वह्या उभ्या न कोंबता आडव्या ठेवायच्या. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही आणि लॅमिनेशन तर कधीच करायचं नाही, कारण त्यानं पान वाचत नाही, कायमचं बिघडतं. जुनी लोखंडयुक्त शाई कागद आतून खाते, म्हणून जी पानं करपल्यासारखी तपकिरी झाली आहेत त्यांचे फोटो सर्वांत आधी घ्यायचे. हे काम तरुण संघाच्या हातचं आहे. फोटोंच्या दोन प्रती कराव्यात, एक चर्चमध्ये आणि एक बिशपांच्या कार्यालयात, म्हणजे १५९८ ची रीत आपोआप पुन्हा सुरू होईल.

हे आत्मिक काम नव्हे, असंही काही जण प्रामाणिकपणे म्हणतात. त्यांना माझं सांगणं असं की रजिस्टरातली प्रत्येक ओळ एका संस्कारानंतर लिहिली गेली आहे. पाळकानं मुलाला पाण्यानं बाप्तिस्मा दिला, मंडळीनं त्या मुलाला सांभाळण्याचं वचन दिलं, आणि मग ते नाव वहीत चढलं. वचन दिलेल्यांनी ते नाव वाळवीला देणं हा आत्मिक प्रश्न नाही, असं मला म्हणता येत नाही. शिवाय आजच्या मंडळीकडे पाहा. जुन्या पेठा आणि कॅम्प सोडून घरं उपनगरांत गेली, मुलं परदेशांत गेली, रविवारची बाकं मोकळी पडली. त्या विखुरलेल्या घरांचा जुन्या चर्चशी उरलेला धागा म्हणजे लग्न, दफन आणि ती वही. आजोबांचं नाव पाहायला आलेल्या नातवाला दार उघडून दिलं आणि पान दाखवलं, तर तो पुढच्या हंगामाच्या सणाला येईल. त्याला चार खेपा घालायला लावल्या, तर तो पाचव्यांदा कशासाठी येईल?

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रजिस्टरांची आणि जुन्या दफ्तराची यादी हा वेगळा विषय ठेवावा आणि यादी सभेपुढे वाचावी. दोन किल्ल्यांचा ठराव करावा: एक पाळकांकडे, दुसरी सभेनं निवडलेल्या आणि कमिटीत नसलेल्या सभासदाकडे, आणि ती शक्यतो महिला मंडळातली असावी. दाखल्याची फी आणि मुदत नोटीस बोर्डावर लावावी. वादात असलेल्या मंडळ्यांत दोन्ही गटांनी निदान एवढं मान्य करावं की खटला चालेल तोवर रजिस्टरं कोणाच्या घरी राहणार नाहीत. दर २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणाच्या उपासनेत, आपण आपल्या घरच्यांची नावं चिठ्ठीवर देतो. त्याबरोबर जुन्या दफन-रजिस्टरातलं एक पान वाचावं, ज्यांच्या मागे चिठ्ठी द्यायला कोणी उरलेलं नाही त्यांच्यासाठी. बिशपांच्या कार्यालयांनी प्रांतातल्या मंडळ्यांच्या याद्या एकत्र करून एक अभिलेखागार उभारण्याचं मनावर घ्यावं. ते होईपर्यंत मंडळ्यांनी थांबू नये, कारण वरून हुकूम येण्याची वाट पाहता पाहता मध्ये पावसाळे जातात.

ज्यांनी आपल्या मंडळीत हे काम आधीच सुरू केलं आहे त्यांनी आपली पद्धत शेजारच्या मंडळीला कळवावी. ज्यांना माझं म्हणणं अन्यायाचं वाटतं त्यांनी आपली रजिस्टरांची यादी प्रसिद्ध करून मला खोटं पाडावं. त्यात मला आनंदच आहे.

आपली ख्रिस्तातील भगिनी,
मंडळीची एक सभासद